चालू आहे की बंद?

आयुष्यभर कविता लिहिणाऱ्या माणसाने मोटारीवर बोलायला बसावे, हा थोडा आगाऊपणाच म्हणायचा. साखर कारखान्याच्या ऑफिसात कारकुनी आणि उरलेल्या वेळात कविता, एवढाच माझा व्यवहार. पण २०२५ च्या उन्हाळ्यात मी एक जुनी हायब्रिड एसयूव्ही विकत घेतली आणि त्यापायी चार महिने सांगली, मिरज, कोल्हापूर आणि पुण्याचे जुन्या गाड्यांचे बाजार पालथे घातले. फंडाचे पैसे घालायचे म्हटले की कवीसुद्धा हिशेबनीस होतो. त्या चार महिन्यांत जे कळले ते सांगतो. कुणाचे चार पैसे वाचले तर बरेच.

गाडी घ्यायची हौस नव्हती. अम्मांच्या मूत्रपिंडांनी दगा दिला आणि आठवड्यातून दोनदा मिरजेला डायलिसिस सुरू झाले. अम्मा कवठेमहांकाळच्या बाजूला गावी असतात, थोरल्या भाईजानांकडे. सांगलीला येऊन राहा म्हटले तर तयार नाहीत. दारातला लिंब, दोन शेळ्या आणि अब्बांची कबर सोडून त्या कुठे जाणार? तेव्हा मी सांगलीहून गावी जायचे, त्यांना मिरजेला आणायचे, चार तास थांबायचे, पुन्हा गावी सोडायचे. आठवड्याला साडेतीनशे किलोमीटर. सुरुवातीला भाड्याची जीप केली. तीन महिन्यांची भाड्याची बेरीज केली, त्या रात्री झोप लागली नाही.

एसयूव्ही कशाला, छोटी गाडी का नको, असे अनेकांनी विचारले. ज्यांच्या घरात गुडघे दुखणारे म्हातारे माणूस आहे, त्यांना हे सांगायला नको. छोट्या गाडीत खाली वाकून बसावे लागते, उठताना दोघांनी ओढावे लागते. मोठ्या जीपमध्ये वर चढावे लागते. मधल्या उंचीच्या एसयूव्हीची सीट बरोबर कमरेच्या उंचीला येते. माणूस टेकतो आणि पाय आत घेतो. शिवाय शेवटचे दोन किलोमीटर आमचा रस्ता असा आहे, की त्याला रस्ता म्हणणे हीसुद्धा कविकल्पनाच.

विजेची गाडी घेणार होतो, पण भाईजानांच्या घरी चार्जिंगची खात्री नाही. सीएनजी घ्यावी तर डिकी सिलिंडर खाणार आणि अम्मांची घडीची खुर्ची टपावर बांधावी लागणार. डिझेलची जुनी गाडी माझ्या खिशात बसत होती, पण भाचा म्हणाला, "मामू, हायब्रिड बघा. पेट्रोलचीच गाडी, पण निम्मा रस्ता इंजिन बंद." भाच्याच्या बोलण्यात नेहमी थोडी अतिशयोक्ती असते, पण या वेळी तो बराचसा बरोबर होता.

हायब्रिड म्हणजे संकर. एका गाडीत पेट्रोलचे इंजिनही आणि विजेची मोटरही. कल्पना नवी नाही. फर्डिनांड पोर्शे यांनी १९०० सालाच्या सुमारास अशी गाडी करून दाखवली होती. पण ती लोकांच्या दारात आणली जपानच्या टोयोटाने, डिसेंबर १९९७ मध्ये, प्रियस या नावाने. २००४ मध्ये अमेरिकेत फोर्डने एस्केप नावाची हायब्रिड एसयूव्ही काढली. आपल्याकडे होंडाने २००८ मध्ये सिव्हिक हायब्रिड आणली, पण त्या किमतीला तेव्हा कोण घेणार? सर्वसाधारण माणसाने विचार करावा अशी हायब्रिड एसयूव्ही भारतात आली ती २०२२ च्या सप्टेंबरात. मारुतीची ग्रँड व्हिटारा आणि टोयोटाची अर्बन क्रूझर हायरायडर. या दोन्ही सख्ख्या बहिणी. कर्नाटकात बिडदीच्या एकाच कारखान्यात जन्मल्या, नावे आणि चेहरे तेवढे वेगळे. त्यातल्या पहिल्या खेपेच्या गाड्या आता जुन्या बाजारात दिसू लागल्या आहेत.

ही गाडी चालते कशी? मला समजले ते असे. पेट्रोलचे इंजिन सर्वांत जास्त पेट्रोल वाया घालवते ते रखडताना. सिग्नलला उभे असताना, गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकताना. त्या वेळी इंजिन चक्क बंद राहते आणि मोटर गाडी ओढते. वेग वाढला, चढ आला की इंजिन जागे होते आणि दोघे मिळून ओढतात. उतार लागला किंवा ब्रेकवर पाय ठेवला की एरवी जो जोर उष्णता होऊन उडून गेला असता, त्यातला बराच भाग ती मोटरच उलटी फिरून विजेत बदलते आणि बॅटरीत भरते. म्हणून ही गाडी घरच्या प्लगला लावायची नसते. तशी सोयच नाही. ती स्वतःची वीज स्वतः कमावते.

आणि ती बॅटरी केवढी? लोकांना वाटते विजेच्या गाडीसारखी प्रचंड असेल. या दोन बहिणींची बॅटरी आहे ०.७६ किलोवॉट-तासांची, म्हणजे आपल्या वीजबिलाच्या भाषेत पाऊण युनिट. हजार वॉटची इस्त्री पाऊण तास चालेल, एवढीच वीज तिच्यात मावते. पण ती दिवसभर शेकडो वेळा थोडी भरते, थोडी रिकामी होते. काठोकाठ भरायची नाही आणि तळ दिसेपर्यंत उपसायची नाही, असा दंडक गाडीतल्या संगणकाने घालून दिलेला असतो, म्हणून ती टिकते.

आता मी कुठे फसणार होतो ते सांगतो.

पहिली गाडी एका व्यापाऱ्याकडे पाहिली. जाहिरातीत हायब्रिड. आरसीवर इंधनाच्या रकान्यातही पेट्रोलच्या जोडीला हायब्रिड. किंमत तेरा लाख सांगितली. मी चालवायला बसलो आणि डाव्या पायाला क्लच लागला. भाच्याने मला पढवून ठेवले होते, म्हणून पाय तिथेच थबकला. या गाड्यांत हायब्रिड दोन प्रकारची येते. एक स्मार्ट, किंवा माइल्ड म्हणतात ती. तिच्यात लहानशी मोटर इंजिनाला नुसता हात लावते, स्वतःच्या बळावर गाडी एक पाऊलही हलवू शकत नाही. दुसरी स्ट्राँग, म्हणजे खरी हायब्रिड. दोन्ही कागदोपत्री हायब्रिडच, पण एक घरचा कर्ता मुलगा आणि दुसरा नुसता हातभार लावणारा पाहुणा. सरकारमान्य चाचणीत स्ट्राँगचा आकडा लिटरला २७.९७ किलोमीटर, साध्या गिअरच्या माइल्डचा २१.११. नव्या गाडीत किमतीचा फरक लाखांचा.

ओळखायचे कसे? या दोन गाड्यांपुरते सांगतो. क्लच असेल तर ती स्ट्राँग नव्हेच, कारण स्ट्राँगमध्ये क्लच आणि गिअर बदलणे हा प्रकारच नाही. पण ऑटोमॅटिक आहे म्हणून लगेच खूशही होऊ नका, माइल्डमध्येही ऑटोमॅटिक येते. मग डिकी उघडा. स्ट्राँगची बॅटरी मागे असते, त्यामुळे डिकी उथळ, २६५ लिटरची. माइल्डची ३७३. बॉनेटखाली नारिंगी रंगाच्या जाड केबली दिसतात का पाहा. तो जगभर उच्च दाबाच्या विजेचा रंग आहे. पाहायचा, हात लावायचा नाही. आणि शेवटची खूण सर्वांत सोपी. बटण दाबल्यावर काट्यांच्या फळीवर तयार असल्याचा दिवा लागतो, पण बहुतेक वेळा आवाज काहीच येत नाही.

मी व्यापाऱ्याला म्हटले, "ही माइल्ड आहे." तो हसून म्हणाला, "काका, हायब्रिड ती हायब्रिडच की. तुम्हाला काय रेसला लावायची आहे?" तो खोटे बोलला असे मला म्हणता येत नाही. त्याने फक्त खरे सांगितले नाही.

त्या रात्री कागद घेऊन बसलो. त्याच वर्षाची माइल्ड साडेदहा लाखांपर्यंत मिळत होती, स्ट्राँग साडेतेरापर्यंत. फरक तीन लाख. माझे धावणे वर्षाला अठरा हजार किलोमीटर. चाचणीचे आकडे रस्त्यावर मिळत नाहीत, म्हणून ओळखीपाळखीच्या मालकांना विचारून आमच्या रस्त्यांसाठी एकीला १४ आणि दुसरीला २१ चे ॲव्हरेज धरले. वर्षाचे सव्वाचारशे लिटरहून थोडे जास्त पेट्रोल वाचते. लिटरला १०४ रुपये धरले, तर साडेचव्वेचाळीस हजार. म्हणजे तीन लाख फिटायला पावणेसात वर्षे. वर्षाला सहा हजार किलोमीटर फिरणाऱ्याचे हेच तीन लाख फिटायला वीस वर्षे लागतील. तोवर गाडी भंगारात. तेव्हा बाजारहाट आणि सणावारी सासुरवाडी एवढेच ज्यांचे फिरणे, त्यांनी हायब्रिडच्या नादी लागू नये. हे मी त्या गाडीचा मालक असून सांगतो आहे. हमरस्त्यावर एकाच वेगाने पुणे-बंगलोर करणाऱ्यालाही तिचा फायदा कमीच, कारण तिथे ब्रेक नाही आणि रखडणेही नाही. तिचे माहेर म्हणजे गर्दी. सांगली-मिरज रस्ता संध्याकाळी सहाला, असा.

दुसरी गाडी पुण्यात पाहिली. खरी स्ट्राँग, जेमतेम बावीस हजार किलोमीटर झालेली आणि बाजारभावापेक्षा दीड लाखाने स्वस्त. रंग असा की तोंड पाहावे. मी मनातल्या मनात अम्मांना मागच्या सीटवर बसवूनही टाकले होते. सोबत माझा शाळेतला मित्र होता, सांगलीत गॅरेज चालवणारा मिस्त्री. तो गाडीभोवती फिरलाच नाही. सरळ आत बसला, सीटबेल्ट धरला आणि शेवटपर्यंत बाहेर ओढला. बेल्टच्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातकट रेघ होती. मग पायाखालचे मॅट उचलले, बोट आत घातले, नाकाशी नेले आणि माझ्यापुढे धरले. "ओळख."

आम्ही सांगलीची माणसे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा सत्तावन्न फुटांवर गेली होती. जिथे पंचेचाळीसला धोक्याची पातळी. २०२१ च्या जुलैत पुन्हा आली. घराच्या भिंतीतून तो वास जायला वर्ष लागते. गाडीत अत्तराची बाटली लटकवली होती, पण त्या खालून तोच वास येत होता. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्याचे पाणी सिंहगड रस्त्यावरच्या वस्तीत शिरले, तेव्हा किती गाड्या बुडाल्या हे आपण टीव्हीवर पाहिले. त्या सगळ्या कुठे गेल्या असतील, हा प्रश्न मला तोवर पडला नव्हता. ही गाडी त्यांतलीच असेल असे माझे म्हणणे नाही. पण ती कुठल्या तरी पाण्यात उभी राहिली होती, एवढे नक्की.

साधी गाडी बुडाली तर इंजिन उघडून, धुऊन चालू करतात. हायब्रिडमध्ये दोनशे व्होल्टच्या आसपासची वीज खेळते. पाण्याने जोडण्यांना गंज चढतो, तो लगेच दिसत नाही. वर्ष-दीड वर्षाने एक दिवस फळीवर दिवा लागतो आणि गाडी रस्त्यात मान टाकते. मागे डायलिसिस करून गळून गेलेली बाई असताना! मित्राने बेल्ट सोडून दिला, तो सळसळत आत गेला. आम्ही चहा न घेता निघालो. परतीच्या वाटेवर साताऱ्यापर्यंत कुणीच बोलले नाही. मग तोच म्हणाला, "विम्याचा दावा झाला होता का, ते आधी विचारायचं होतंस." खरे होते. विमा कंपनीकडे गाडीच्या नावावर आधी मोठा दावा झाला आहे का, हे पॉलिसीवरून काढता येते. नो क्लेम बोनस मध्येच शून्यावर आला असेल, तर कारण विचारावे.

तिसरी गाडी मिळाली कोल्हापुरात, थेट मालकाकडून. निवृत्त प्राध्यापक, मुलाकडे परदेशी निघालेले. २०२३ ची, एक्केचाळीस हजार किलोमीटर. सर्व्हिसिंगचा प्रत्येक कागद वहीला टाचलेला. माणूस मराठीचा नसून गणिताचा होता, हे वही पाहूनच कळले. किमतीत एक पैसा कमी केला नाही. साडेतेरा म्हणजे साडेतेरा.

आम्ही काय काय पाहिले ते सांगतो. पहिले म्हणजे, मालकाला आदल्या रात्री फोन करून सांगितले की सकाळी आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. थंड गाडीच खरे बोलते. मग गर्दीतून, चढावरून, उतारावरून अर्धा-पाऊण तास चालवली आणि बॅटरीच्या पट्ट्यांकडे लक्ष ठेवले. बॅटरी थकली असेल तर पट्ट्या झरझर भरतात आणि झरझर रिकाम्या होतात, थकल्या माणसाच्या श्वासासारख्या. इंजिन उगाच पुन्हा पुन्हा चालू होते, पंखा घरघरत राहतो. तसे काही नव्हते. तरी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर नेऊन यंत्र लावून बॅटरीची तपासणी करून घेतली. त्याचे पैसे मी दिले, आणि मालकाने त्याला हरकत घेतली नाही, हीच मला निम्मी खात्री वाटली. जो विक्रेता या तपासणीला नाही म्हणतो, त्याला आपण गाडीला नाही म्हणावे.

या बॅटरीला कंपनीची हमी आठ वर्षे किंवा एक लाख साठ हजार किलोमीटर, जे आधी होईल ते. म्हणजे माझ्या गाडीला २०३१ पर्यंत. आणि वर मांडलेला तीन लाखांचा हिशेब फिटतो २०३२ ला. मधले काही महिने माझ्या नशिबाचे.

एक गंमत पुढे आली. अशा बऱ्याच गाड्यांत बॅटरी थंड ठेवायला माणसे बसतात तिथूनच हवा ओढली जाते. त्या वाटेवरची जाळी मित्राने काढली, तर आत पांढऱ्या केसांचा नमदा. मालकांचा कुत्रा मागच्या सीटवर बसून फिरायला जायचा. असे केस तुंबले तर हवा कोंडते, बॅटरी तापते आणि आयुष्य घटते. पाच मिनिटांत साफ झाली. प्राध्यापक ओशाळून म्हणाले, "त्याला खिडकीतली हवा आवडायची." कुत्रा गेल्या वर्षी गेला होता. तो केसांचा पुंजका त्यांनी टाकून दिला नाही, खिशात ठेवला. आम्ही न पाहिल्यासारखे केले.

कागदांचे थोडे. गाडीवर बँकेचे कर्ज होते ते फिटलेले, पण आरसीवरचा बोजा तसाच. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ लागतो. तो उतरेपर्यंत मी पूर्ण रक्कम दिली नाही. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०. विमाही चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करावा. पुष्कळ लोक "राहू दे, नंतर करू" म्हणतात. विकणाऱ्यानेही असे म्हणू नये, कारण अपघात झाला तर आरसीवर ज्याचे नाव तोच जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगून टाकले आहे. परराज्यातली गाडी स्वस्त दिसते, पण इथे तिचा कर पुन्हा भरावा लागतो. उत्तर प्रदेशाने जुलै २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रिडचा नोंदणी कर माफ केला, तेव्हा तिकडची गाडी आणून देतो म्हणणारा एजंट मलाही भेटला होता. माफी तिकडची, कर इकडचा.

व्याजाने पैसे काढायचे नाहीत, हा अब्बांचा दंडक आमच्या घरात अजून आहे. फंडाचे नऊ लाख, पत्नीने बांगड्यांसाठी साठवलेले आणि गावाकडचा एक तुकडा विकून आलेले, असे साडेतेरा उभे राहिले. पत्नी एवढेच म्हणाली, "बांगड्या काय, हातात असल्या काय नि नसल्या काय. पण ही बंद पडली तर मला सांगू नका."

ती बंद पडली, पहिल्याच महिन्यात. सकाळी बटण दाबले, काहीच नाही. माझ्या पोटात गोळा. मित्र आला, मोठ्या बॅटरीकडे ढुंकूनही न पाहता त्याने साधी बारा व्होल्टची बॅटरी तपासली. हायब्रिडमध्येही ती असते. गाडीचा संगणक तिच्यावर जागा होतो. ती मेली की मोठी बॅटरी भरलेली असूनही उपयोग शून्य. नवी बसवली, गाडी सुरू. जुनी हायब्रिड घेताना या छोट्या बॅटरीचे वय जरूर विचारा, मी विचारले नव्हते. त्या दिवशी शेजाऱ्याने ट्रॅक्टर आणून दोरी बांधायची तयारी केली होती, ती मित्राने थांबवली. पुढची चाके जमिनीवर फिरवत अशी गाडी ओढायची नसते. चाकांबरोबर मोटर फिरते आणि नुकसान होते. उचलूनच न्यावी लागते.

आणि एक गोष्ट, जी मला कुणीच सांगितली नव्हती. गाडी इतकी गप्प असते, की बंद केली असे समजून माणूस उतरून जातो. पण ती तयारच असते. बॅटरी उतरली की इंजिन आपोआप सुरू होते. बंदिस्त शेडमध्ये किंवा पार्किंगच्या कोंदट खोलीत असे झाले, तर धुराने माणूस दगावू शकतो. उतरण्याआधी फळीवरचे दिवे विझले का, ते डोळ्यांनी पाहावे. मी आता दोनदा पाहतो.

खुर्चीचे सांगायचे राहिले. त्या उथळ डिकीत ती उभी मावत नाही. मागच्या सीटचा एक भाग दुमडून आडवी ठेवावी लागते. अम्मा दुसऱ्या बाजूला ऐसपैस बसतात. डायलिसिस झाल्यावर त्यांना उकाडा सोसत नाही. मी औषधे आणायला गेलो की त्या गाडीत बसतात, सोबत भाईजान. एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो, त्यामुळे इंजिन बंद असूनही गारवा राहतो. मध्येच बॅटरी कमी झाली तर दोन मिनिटे इंजिन गुरगुरते आणि पुन्हा गप्प. लिटरला २१ च्या पुढे-मागे ॲव्हरेज मिळते. माझा अंदाज चुकला नाही, याचा मला कवितासंग्रह निघाल्यापेक्षा जास्त आनंद झाला.

पहिल्या दिवशी गावातून निघताना गाडी आवाज न करता लिंबाखालून सरकली, तेव्हा अम्मांनी घाबरून माझा खांदा धरला. "बेटा, चालू है क्या बंद है?" अजूनही प्रत्येक खेपेला विचारतात. मी सांगतो, चालू आहे. मग त्या डोळे मिटतात, आणि मिरज येईपर्यंत उघडत नाहीत.